सूचना क्रमांक बत्तीस

चौतीस वर्षं मी एका अख्ख्या शहराला पाणी पाजलं! पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर मी पंपचालक होतो. माझ्या ताब्यात सहा पंप आणि एकोणीस व्हॉल्व्ह. एवढ्या वर्षांत माझ्या हातून एकही व्हॉल्व्ह चुकीचा उघडला नाही आणि एकही वेळेआधी उघडला नाही. तेव्हा कॉम्प्युटरच्या पेटीतली तळहाताएवढी डबी काढायची आणि तिच्या जागी दुसरी बसवायची, यात अवघड ते काय, असं मला त्या शनिवारी सकाळी नऊ वाजता वाटलं. दुपारी काय वाटत होतं ते पुढे येईलच.

व्हॉल्व्ह का चुकला नाही तेही सांगतो. आमची एक पद्धत होती. व्हॉल्व्हला हात लावण्याआधी त्याच्या पत्र्यावरचा नंबर मोठ्याने वाचायचा. जोडीदाराने तो उलट म्हणायचा. "सात नंबर, बंद." "सात नंबर, बंद." मगच चाक फिरवायचं. ही सवय मी घरीही आणली होती. बाहेर पडताना कुलूप लावलं की मी म्हणायचो, "गॅस बंद." आणि ही जिना उतरता उतरता म्हणायची, "गॅस बंद, नळ बंद, तोंडही बंद. चला आता."

ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन आठ महिने झाले. मी अजूनही कुलूप लावून "गॅस बंद" म्हणतो आणि दोन सेकंद थांबतो.

तर कॉम्प्युटर हिचा. ती शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक होती. शाळेने जुने कॉम्प्युटर मोडीत काढले तेव्हा त्यातला एक तिने घरी आणला, पुसला आणि त्यात लिनक्स टाकलं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर ज्याच्या जोरावर चालतो ती व्यवस्था. हिचं म्हणणं, थकलेल्या यंत्रालाही ती उभं करते.

मी विचारलं, "आणि थकलेल्या माणसाला?"

"त्याला चहा," ती म्हणाली. "उठा आणि दोन कप करा."

पेटीच्या आत दोन डिस्क होत्या. एक मोठी, जाड, आत तबकडी फिरणारी. ती शाळेतूनच आलेली. दुसरी छोटी, चपटी, न फिरणारी. ती हिने मागाहून बसवली. छोटी चपळ, म्हणून लिनक्स तिच्यावर. मोठीत जागा भरपूर, म्हणून हिच्या सगळ्या फायली मोठीवर. माझ्यासारख्याला कळायला सोपं. एक टाकी रोजच्या वापराची, एक साठवणीची!

या साठवणीच्या टाकीत काय होतं ते आता ऐका.

लॅबच्या दारावर हिने सूचना लावलेल्या असत. "चपला बाहेर काढाव्यात." "माउस ओढू नये." "कळ एकदाच दाबावी, कॉम्प्युटर बहिरा नाही." मुलं सोडा, शिक्षकही त्या सूचनांना टरकून असत. दवाखान्यातून घरी आणल्यावर शेवटचा दीड महिना ती रोज थोडा वेळ कॉम्प्युटरपाशी बसायची. मी विचारलं की म्हणायची, "कामं उरकतेय." ती गेल्यानंतर तीन आठवड्यांनी मला तिच्या डिस्कवर एक फोल्डर सापडलं. नाव होतं, "ह्यांच्यासाठी". आत साठ फायली. सूचना क्रमांक एक ते साठ.

सूचना क्रमांक एक : "दूध तापत ठेवून पेपर वाचायला बसू नये. दुधापाशी उभं राहावं. पेपर पळून जात नाही, दूध जातं."

सूचना क्रमांक नऊ : "ओला टॉवेल पलंगावर टाकू नये. आता ओरडायला कुणी नाही म्हणून तर मुळीच टाकू नये."

सूचना क्रमांक तेवीस : "कुंड्यांना पाणी किती घालावं हे पंपचालकाला सांगावं लागू नये, पण लागतं. रोज एक तांब्या. एक म्हणजे एक. हे पंपहाउस नाही."

दर रविवारी अंघोळ करून मी एक सूचना वाचतो. एकच. लेक दुसऱ्या शहरात असते, तिने फोनवर विचारलंही होतं, "बाबा, सगळ्या एकदम वाचून का नाही टाकत?" मी म्हटलं, "मी आयुष्यभर वेळापत्रकाने पाणी सोडलंय. टाकी एका दिवसात रिकामी करणाऱ्यांचं पुढे काय होतं ते मी पाहिलंय." खरं सांगायचं तर साठ सूचना म्हणजे साठ रविवार ती अजून मला काहीतरी नवीन बोलणार होती. त्यातले एकतीस झाले होते.

आणि मग शुक्रवारी सकाळी मोठी डिस्क वाजायला लागली. टक्... टक्... टक्.

पंपवाल्याला आवाज समजावून सांगावा लागत नाही. बेअरिंग जायला आलं की असाच आवाज येतो. मी लेकीला फोन लावला आणि फोन पेटीला टेकवला.

"ऐकलंस?"

"ऐकलं. बाबा, आधी कॉम्प्युटर बंद कर. नवीन मोठी डिस्क आणून ठेव. मी पुढच्या शनिवारी येते, आईचं सगळं त्यावर उतरवून देते. तोवर पेटी उघडायची नाही."

"बरं."

"बरं नको. उलट म्हण."

"पेटी उघडणार नाही," मी उलट म्हटलं.

मंडळी, पंपहाउसवर मी चौतीस वर्षांत उलट म्हटलेला एकही शब्द मोडला नाही. हा मी एका दिवसात मोडला.

माझी बाजूही ऐकून घ्या. मधे एक रविवार येत होता. बत्तिसाव्या सूचनेचा! आणि जे यंत्र ठोका देतंय ते आधी लाइनीतून बाहेर काढायचं, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. तबकडीला आराम मिळेल, तोवर छोट्या डिस्कवर कॉम्प्युटर चालू राहील, नवी बसवून ठेवू. मग जुनी दहा मिनिटांसाठी जोडायची, साठ फायली उतरवायच्या, संपलं. लेक येईल तेव्हा सगळं तयार. ती म्हणेल, "बाबा, तू तर कमाल केलीस!" मी म्हणेन, "त्यात काय!" एवढं संभाषणसुद्धा मी मनात करून ठेवलं होतं.

शनिवारी नऊ वाजता मी पलंगाखालून माझी अवजारांची पत्र्याची पेटी ओढली. तिला दोन कप्पे. वरच्यात स्क्रू ड्रायव्हर, पकड, टेस्टर. खालच्यात मोठे पाने. ते निवृत्त झाल्यापासून लागलेच नाहीत. स्क्रू ड्रायव्हर घेतला, कॉम्प्युटरची पेटी उघडली, मोठ्या डिस्कच्या वायरी काढल्या. तिला हिच्या लोकरीच्या मफलरात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. तान्ह्या मुलालासुद्धा मी एवढं हलक्या हाताने उचललं नव्हतं. लेक सांगेल.

मग छोट्या डिस्कवर कॉम्प्युटर सुरू केला. काळा पडदा. वर इंग्रजीत एक ओळ. जिच्यावरून सुरू व्हावं अशी एकही डिस्क सापडत नाही, म्हणे!

मी बंद करून पुन्हा सुरू केला. तीच ओळ. पेटीला बाजूने थाप मारली. तीच ओळ. "अरे, लिनक्स ज्या डिस्कवर आहे ती तर आतच आहे ना!" असं मी त्याला समजावूनही पाहिलं. तो ढिम्म.

नाइलाजाने लेकीला फोन केला.

"बाबा, पेटी उघडली नाहीस ना?"

माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. बशीत सगळे स्क्रू होते. समोर पेटी आ वासून पडली होती.

"छे!" मी म्हटलं.

बस! एवढ्या एका "छे"ने पुढचं सगळं रामायण घडलं.

"म्हणजे दोन्ही डिस्क जागेवर आहेत आणि तरी सुरू होत नाही," लेक म्हणाली. "मग छोटीच मेली असणार. बाबा, आता लिनक्स नव्याने टाकावं लागेल. आईच्या खणात लिनक्सचा पेनड्राइव्ह आहे. पण एक कर, आधी आईच्या डिस्कची वायर काढून ठेव, म्हणजे चुकून पुसली जायची भीती नाही."

"म्हणजे... आता पेटी उघडू?"

"हो, आता उघड. मी फोनवर थांबते."

आता आली का पंचाईत! उघडलेली पेटी मी कशी उघडू? मग मी स्क्रू ड्रायव्हर पत्र्यावर खरवडला. दोन-तीन स्क्रू बशीत उचलून टाकले. "हं... जरा घट्ट आहे..." असं म्हणत थोडं कण्हलोही. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी पोटच्या मुलीला फोनवर आधीच उघडलेली पेटी उघडून दाखवत होतो.

"काढली का?"

"काढली!" मी म्हटलं. हे तरी खरं होतं.

"शाब्बास. आता माझी मीटिंग आहे, तासाभराने फोन करते. तोवर कशालाही हात लावू नकोस."

याच वेळी दारात सल्लागार उभे राहिले. सल्लागार म्हणजे आमचे शेजारी. खरं तर विमा कचेरीतले निवृत्त कारकून; पण कुठल्याही विषयावर सल्ला तयार असतो म्हणून सगळी इमारत त्यांना सल्लागार म्हणते. तोंडावर म्हणते. त्यांना ते पदक वाटतं.

"काय पंपवाले, ऑपरेशन चाललंय वाटतं?"

मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी बाह्या सरसावल्या. "त्याला काही झालेलं नाही हो. याच्या डोक्यात जुन्या गोष्टी अडकल्यात. आधी त्याला विसरायला लावलं पाहिजे." आणि मी थांबवेपर्यंत त्यांनी आत हात घालून नखाने एक गोल बॅटरी टचकन उडवली. ती टेबलाखाली गेली. दोन निवृत्त माणसं दहा मिनिटं गुडघ्यावर रांगत होती. ती सल्लागारांच्या चपलेला चिकटलेली सापडली.

बॅटरी परत बसवली. पडद्यावर ओळ तीच. फरक एवढाच की खाली तारीख आली, ती अकरा वर्षांपूर्वीची. पहिली जानेवारी.

"बघा, विसरला!" सल्लागार खूश झाले.

मी त्या तारखेकडे बघत राहिलो. अकरा वर्षांपूर्वीच्या पहिल्या जानेवारीला मी सकाळपाळी करून आलो होतो आणि दूध उतू गेलं होतं. माझ्यामुळेच. त्यावरून ती मला जे बोलली होती ते आठवलं. यंत्राला कुणी बॅटरी काढून मागे नेतं. आपल्याला तीही सोय नाही.

"पंपवाले, कुठे हरवलात? पेनड्राइव्ह द्या."

पेनड्राइव्ह लावला आणि काय आश्चर्य, पडद्यावर रंग आले! लिनक्स पेनड्राइव्हवरूनच सुरू झालं.

सल्लागारांनी मांडीवर थाप मारली. "आता माझं ऐका. सुरू झालंच आहे, तर तिन्ही डिस्क जोडून टाका. वहिनींच्या फायली आधी नवीवर उतरवून घेऊ. मग लिनक्सचं बघू. तुमच्या मुलीला तासभर कशाला थांबायचं?"

सल्ला वाईट नव्हता, हेच तर वाईट झालं. सल्लागारांचे शंभर सल्ले टाकाऊ निघाले असते तर मी एकशे एकावा ऐकलाच नसता. मी बंद करून मफलर सोडला, हिची डिस्क जोडली, शुक्रवारी आणून ठेवलेली नवी जोडली, पुन्हा पेनड्राइव्हवरून सुरू केला. टक्... टक्... हळू आवाजात ती चालू झाली. माझ्या जिवात जीव आला.

"दोन कप चहा टाका," सल्लागार म्हणाले. "तोवर मी फोल्डर शोधतो."

मी दुधापाशी उभा राहिलो. सूचना क्रमांक एक! चार मिनिटांनी कप घेऊन आलो, तर पडद्यावर फोल्डर नव्हतं. लिनक्स बसवण्याचा कार्यक्रम उघडलेला होता आणि तो काहीतरी विचारत होता.

"हे काय?"

"अहो, वेळ वाचवतोय! फायली उतरवायला वेळ लागेल, तोवर छोट्या डिस्कवर लिनक्स बसवून टाकू. दोन्ही कामं एकदम. हे विचारतंय, कुठल्या डिस्कवर? मी पहिली निवडली. पहिली म्हणजे छोटी. आता विचारतंय, ही डिस्क पूर्ण पुसायची का? फक्त होय म्हणायचं बाकी आहे." आणि त्यांनी बोट वर उचललं.

"थांबा! आधी नंबर वाचा."

"कसला नंबर?"

"डिस्कचा. मोठ्याने. मी उलट म्हणतो."

"पंपवाले, हे काय पंपहाउस आहे?"

"नंबर वाचल्याशिवाय माझ्या घरात चाक फिरत नाही!"

माझा आवाज इतका चढला की सल्लागारांचं बोट हवेतच राहिलं. त्यांनी सुस्कारा सोडला, चष्मा लावला आणि शाळेत उभं केलेल्या मुलासारखं पडद्यावरचं बारीक अक्षर वाचलं. "शेवटचे आकडे चार, शून्य, सहा, नऊ. झालं समाधान?"

"चार, शून्य, सहा, नऊ," मी उलट म्हटलं आणि टॉर्च घेऊन पेटीत वाकलो. आमचा नियम आहे, नंबर कागदावर नाही, पत्र्यावर बघायचा. छोट्या डिस्कच्या अंगावरचा नंबर वाचला. शेवट दोन, दोन, एक, पाच. नवीवरचा वाचला. शेवट आठ, आठ, सात, तीन.

मग हिच्या डिस्कवर उजेड पाडला. चार. शून्य. सहा. नऊ.

"सल्लागार," मी म्हटलं, "बोट मागे घ्या. हळू."

"का हो?"

"ते बोट हिच्यावर आहे."

सल्लागारांच्या तोंडावरचा रंग उतरला तो मी टॉर्चच्या उजेडात पाहिला. "पण पहिली म्हणजे छोटी..." ते पुटपुटले. कोण पहिली आणि कोण दुसरी हे कॉम्प्युटर स्वतःच्या मनाने ठरवतो आणि मनात आलं तर उद्या बदलतो, हे मला लेकीने नंतर सांगितलं. आमच्याकडे असा व्हॉल्व्ह असता तर शहर वाहून गेलं असतं!

सल्लागार विंचू चावल्यासारखे उठले. उठताना पाय वायरीत अडकला, प्लग निघाला, कॉम्प्युटर बंद. पडता पडता त्यांनी जो आधार धरला तो पेनड्राइव्ह होता. तो हातात घेऊनच ते खाली बसले. दोन्ही चहा त्यांच्या सदऱ्यावर.

"मी... सदरा बदलून येतो," ते म्हणाले आणि गेले. तीन दिवस आले नाहीत.

मी एकटा राहिलो. प्लग लावला. पुढे काय करायचं ते सुचेना म्हणून नुसतंच बटण दाबलं.

आणि कॉम्प्युटर सुरू झाला! पेनड्राइव्ह नाही, काही नाही. रोजच्यासारखा! पडद्यावर हिने लावलेलं लॅबच्या दाराचं चित्र आलं. "चपला बाहेर काढाव्यात." मी खाली पाहिलं. पायात चपला होत्या. मी त्या काढल्या, बाहेर ठेवून आलो आणि मग विचार करायला बसलो.

छोटी डिस्क मेली म्हणून लेक सांगत होती. ती तर जिवंत. तिच्यावरचं लिनक्सही जागेवर. मग सकाळी कुणाची वाट बघत होता हा?

तेव्हा मला पंप आठवला. नव्या माणसाला वाटतं, बटण दाबलं की पंप पाणी ओढतो. नाही ओढत. आधी त्याच्या पोटात बाहेरून पाणी ओतून द्यावं लागतं. ते दिलं नाही तर मोटर कितीही मोठी असो, कोरडीच घरघरते. तसंच इथे होतं. लिनक्स छोट्या डिस्कवर. पण सकाळचं ते पहिलं तांब्याभर पाणी मोठ्या डिस्कवरून येत होतं. हिने छोटी मागाहून बसवली, तेव्हा सगळं तिच्यावर हलवलं आणि सुरुवातीचा तेवढा भाग जुन्या जागीच राहिला. म्हणजे हा कॉम्प्युटर उठल्याबरोबर आधी हिला विचारायचा, मग कामाला लागायचा. मी तिला मफलरात गुंडाळून कपाटात ठेवली, तर हा उठणार कसा?

माझं काही वेगळं चाललं नव्हतं. मी खुर्चीत बसून राहिलो, एवढंच सांगतो.

फोन वाजला. लेक.

"बाबा, मीटिंग संपली. कुठवर आलं?"

"बेटा, मी सकाळी 'छे' म्हणालो ना," मी म्हटलं, "ते खोटं होतं."

मी सगळं सांगितलं. मफलर, बॅटरी, सल्लागारांचं बोट.

"म्हणजे मला फोनवर जो स्क्रू ड्रायव्हरचा आवाज ऐकू येत होता..."

"हो."

"आणि कण्हत होतास ते?"

"तेही."

ती हसली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. मग मात्र आईच्या आवाजात म्हणाली, "चपला काढल्यास का? बैस समोर. आधी फायली. आत्ता. बाकी सगळं मागून."

फायली उतरायला लागल्या. इंटरनेट जोडलेलं नव्हतं, त्यामुळे घड्याळ अजून अकरा वर्षं मागेच होतं. कॉम्प्युटरच्या लेखी या साठ सूचना अजून लिहायच्या होत्या. मी ते लेकीला सांगितलं नाही. पडद्यावर आकडा चढत होता. बारा. वीस. बत्तीस, इथे मी नजर दुसरीकडे वळवली, चुकून वाचलं जायला नको. चाळीस. टक्... टक्टक्. पन्नास. टक्टक्टक्. सत्तावन्न.

आणि आवाज थांबला.

पंप बंद पडतो तेव्हा आधी कानाला कळतं. मी कान लावला. काही नाही. हात ठेवला. थरथर नाही.

"बाबा?"

"गेली," मी म्हटलं. "सत्तावन्न आल्या. शेवटच्या तीन राहिल्या."

तीनच तर! सत्तावन्न मिळाल्या, असं कुणीही म्हणेल. पण शेवटच्या तीन म्हणजे शेवटच्या तीन.

"बाबा, ऐक. कॉम्प्युटर अजून चालू आहे ना?"

"आहे. लिनक्स छोटीवर आहे म्हणून."

"मग बंद करू नकोस! आता बंद केलास तर परत उठायचा नाही. पहिली पायरी आईच्या डिस्कवर होती, ती आता नाही. चालू आहे तोवर ती छोट्या डिस्कवर बसवायची. मी एकेक अक्षर सांगते. आधी डिस्कची यादी काढू. आणि बाबा, नंबर मोठ्याने वाच."

"दोन, दोन, एक, पाच," मी वाचलं. "छोटी."

"दोन, दोन, एक, पाच. छोटी," लेकीने उलट म्हटलं.

आठ महिन्यांनी कुणीतरी उलट म्हटलं.

कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला. तो हिने सगळीकडे एकच ठेवला होता, "चपला बाहेर", मधे जागा न सोडता. अख्खी शाळा तो रोज दारावर वाचत होती आणि एकाला कळला नाही! मी अक्षर दाबायचो, वाचायचो, लेक उलट म्हणायची. दोन ओळी टंकायला आम्हाला अर्धा तास लागला. मग ती म्हणाली, "आता बंद कर आणि सुरू कर." मी बटण दाबलं, डोळे मिटले. उघडले तेव्हा लॅबचं दार समोर होतं. हिच्या डिस्कशिवाय. छोटी आपली आपण उठली होती. मला आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. दोन्ही खरं.

हिची डिस्क मी पुन्हा मफलरात ठेवली. पेटी बंद केली. बंद केल्यावर बशीत चार स्क्रू उरले होते. पेटी परत उघडायची माझ्यात ताकद नव्हती. मी ते मुकाट्याने सदऱ्याच्या खिशात टाकले.

दुसऱ्या दिवशी रविवार. अंघोळ केली, कालचाच सदरा चढवला, टॉवेल दोरीवर टाकला आणि नव्या डिस्कवरून सूचना क्रमांक बत्तीस उघडली. ती अशी होती :

"कॉम्प्युटरमधली मोठी डिस्क म्हातारी झाली आहे. कधीतरी टकटक करेल. ती काढू नये. सुरुवातीची पायरी तिच्यावर आहे, छोटीवर हलवायचं माझ्याकडून राहून गेलं. लेकीला बोलवावं आणि ती येईपर्यंत गप्प बसावं.

तुम्ही गप्प बसणार नाही. म्हणून साठही सूचना लॅबच्या बाईंकडून कागदावर छापून घेतल्या आहेत. तुमच्या अवजारांच्या पेटीत खालच्या कप्प्यात ठेवल्या आहेत. घरात काहीही उघडायचं झालं की तुम्ही आधी तीच पेटी उघडता."

मी पलंगाखालची पेटी ओढली. कालच ओढली होती! वरचा कप्पा उचलला. मोठ्या पान्यांच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोऱ्याने बांधलेला गठ्ठा. साठही. कालचा सगळा दिवस मी त्याच्या चार बोटं वरून स्क्रू ड्रायव्हर उचलत होतो.

गठ्ठ्यावर एक चिठ्ठी होती. ही छापलेली नव्हती, हाताने लिहिलेली होती. अक्षर शेवटच्या दिवसांतलं, जरा वाकडं.

"एका रविवारी एकच वाचावी. उरलेले स्क्रू फेकू नयेत."

मी खिशात हात घातला. चारही होते.

"उरलेले स्क्रू फेकू नयेत," मी मोठ्याने उलट म्हटलं आणि गठ्ठा न सोडता परत ठेवला.

ते चार स्क्रू कुठले, हे मला अजून कळलेलं नाही. तिने पुढे कुठेतरी लिहिलं असणारच. अजून अठ्ठावीस रविवार आहेत. तोवर कॉम्प्युटर जरासा खडखडतोय, पण चालतो.